बांधाच्या पायथ्याचं पाणी

गुरुवारी सकाळी सव्वासहाला तळ्याच्या बांधाला भेग दिसली. खालच्या अंगाला, उताराच्या मध्याच्या थोडी वर, आडवी, हाताची बोटं सहज आत जातील एवढी. भेगेखालची माती पोट सुटलेल्या माणसासारखी पुढे आली होती आणि तिथलं गवत दवाने भिजतं त्याहून जास्त भिजलेलं होतं. ती पहिल्यांदा पाहिली रोपवाल्याने. हातातले पाण्याचे डबे त्याने तिथेच ठेवले, बांध चढला आणि बांधाच्या टोकाशी असलेल्या घराचं दार वाजवलं.

दार मालकांनी उघडलं. तोंडात ब्रश होता.

“साडूभाऊ, बांधाला भेग पडलीय. खालच्या बाजूनं. बघायला चला.”

मालकांनी तोंडातला फेस अंगणात थुंकला. त्या क्षणी त्यांच्या मनात भीती यायला हवी होती. आली ती निराळीच गोष्ट: बांध माझा, आणि भेग दिसली याला.

ते चप्पल घालून निघाले. भेगेपाशी उभे राहिले, वाकले, बोट घालून पाहिलं. भेगेच्या बरोबर खाली, पायथ्याशी, ती जागा होती. मालकांनी तिकडे पाहिलं नाही. न पाहण्यासाठी त्यांना मान मुद्दाम दुसरीकडे वळवून ठेवावी लागली.

मालक हे काही त्यांचं नाव नव्हे. तळं आणि बांध त्यांच्या ताब्यात आल्यापासून लोक तसं म्हणू लागले. निम्मे आदराने, निम्मे गमतीने. त्याआधी ते एका वजनकाट्यावर कामाला होते. भरलेली गाडी काट्यावर आली की आकडा बघायचा, रिकामी आली की पुन्हा बघायचा. नोकरी सुटली, पण कुणाच्या पारड्यात किती, हे बघायची सवय काही सुटली नाही.

तळं बांधलं त्यांच्या सासऱ्यांनी. दोघे जावई त्यांना मामा म्हणत. मामांचा जन्म माती हलवण्याच्या यंत्रावर गेला होता. दुसऱ्यांचे रस्ते आणि भराव करून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या जमिनीतल्या ओघळीवर हा बांध घातला. थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. घाई केली नाही. मुलगा नव्हता, दोन मुली. हातपाय थकल्यावर त्यांनी वाटणी करायची ठरवली तेव्हा थोरल्या जावयाला आधी विचारलं, “तळं हवं की खालची जमीन?”

मालकांनी क्षणभरही विचार केला नाही. खालची जमीन पायथ्याशी कायम ओलसर, बूट रुतणारी. त्यांनी तळं घेतलं आणि साडूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “चिखलात काय पिकवणार? बेडूक?” सगळे हसले. रोपवालाही हसला. तेव्हा तो रोपवाला नव्हता. एका बागेत पगारावर काम करत होता.

तळ्याचे उपयोग मालकांना तोंडपाठ होते. आजूबाजूची गुरं त्यावर पाणी पीत. वीटभट्टीवाला पाइप टाकून पाणी नेई. आग विझवणाऱ्यांची गाडी उन्हाळ्यात तिथेच भरली जाई. मासे सोडले होते. रविवारी शहरातली माणसं गळ टाकून, टोप्या डोळ्यांवर ओढून, काही न बोलता बसत. काठच्या उथळ पाण्यात एक बाई लहान मुलांना पोहायला शिकवत. एवढं सगळं एका बांधावर. पण याचं कौतुक कुणी केलेलं मालकांना आठवत नव्हतं. लोक पाणी वापरत, मासे नेत, आणि मग कुणीतरी म्हणे, “खाली रोपवाटिका आहे म्हणे, बघून येऊ या.” तळ्यावर आलेला माणूस जाताना हातात रोप घेऊन जायचा.

कारण त्या चिखलात बेडूक नव्हे, सोनं पिकलं होतं. बांधाच्या पायथ्याशी एका जागी बारमाही पाणी झिरपायचं, करंगळीएवढी धार. रोपवाल्याने तिथे गुडघाभर खड्डा घेतला, पाणी गढूळ येऊ नये म्हणून त्यात आधी वाळू आणि वर खडी भरली, एक पाइपचा तुकडा बसवला आणि ते पाणी एका टाकीत सोडलं. मग रोपं लावली. गुलाब, लिंबू, पेरू, शोभेची झाडं. आजूबाजूचं सगळं करपलं तरी त्याच्या ट्रेमधली पानं धुऊन काढल्यासारखी हिरवी. लोक म्हणायचे, “हाताला गुण आहे हो माणसाच्या.”

हात कसला, मालक मनात म्हणायचे. पाणी माझं.

आणि हे त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं. एकदा सांगून पाहिलं, स्वतःच्या बायकोला. थोरली भांडी पुसत होती. ती म्हणाली, “बांधातून झिरपलेलं पाणी कुणाचं असतं? उद्या म्हणाल, तळ्यावरून येणारा वारापण माझा.”

“तू त्याचीच बाजू घे.”

“बाजू कसली? तळं काठोकाठ भरलंय, पण तुमचा जीव कायम कोरडा.”

सगळ्यात जास्त लागायचं ते मामांचं वागणं. थोरल्याला ते “अहो जावईबापू” म्हणत. खुर्ची पुढे करत, आधी चहा देत. धाकट्याला मात्र “अरे, इकडे ये रे, हे बघ जरा.” दुपारी काठी टेकत ते रोपवाटिकेत जात आणि संध्याकाळपर्यंत परत येत नसत. स्वतः बांधलेल्या तळ्याच्या काठी बसावं असं त्यांना वाटत नसे. साडूच्या पिशव्यांत माती भरत बसावंसं वाटे. पाहुण्यासारखा मान मिळवत मालक घरातच परके राहिले होते.

महिन्यापूर्वी रोपवाला बायको-मुलींना घेऊन दोन दिवस रोपांच्या प्रदर्शनाला गेला. मामाही बरोबर गेले. मालकांना विचारलं होतं, पण शेवटच्या क्षणी, आणि गाडीत जागा नाही हे आधीच दिसत असताना. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मालकांनी कुदळ, फावडं, घमेलं काढलं. मामांची जुनी धुमस अडगळीतून बाहेर आली, माती ठोकून बसवायची ती.

खड्ड्यातली खडी त्यांनी उपसली. वाळू उपसली. पाइपचा तुकडा काढून टाकला. तळ्याच्या काठची काळी चिकणमाती आणली आणि घमेलं घमेलं ओतून, वर धुमस मारून, मामांच्याच रीतीने थरावर थर बसवला. वर गवताची ढेकळं लावली. काम इतकं सफाईने झालं की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. वजनकाट्यावर इतकी वर्षं बसलेल्या माणसाला असं काम जमेल, हे कुणाला खरं वाटलं नसतं. दाखवायला मात्र कुणी नव्हतं, आणि दाखवताही आलं नसतं.

थोरलीला त्यांनी एवढंच सांगितलं, “गळती होती, बंद केली. बांधाच्या भल्यासाठी.”

“साडूंना विचारलंत?”

“बांध कुणाचा?”

ती पुढे काही बोलली नाही. ती बोलली नाही की मालक समजायचे की आपण जिंकलो.

परत आल्यावर रोपवाला टाकीपाशी बराच वेळ उभा राहिला. मग वर आला. मालक ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. तेच पान पुन्हा वाचत होते, कारण तो येणार हे माहीत होतं.

“साडूभाऊ, खालचं पाणी बंद झालंय.”

“आटलं असेल. झरे आटतात.”

“तळं तर भरलेलं आहे.”

“आता त्याला मी काय करणार?”

रोपवाल्याने मान हलवली. “तोवर तळ्यातून एक पाइप टाकू का? रोपं लहान आहेत.”

वाटणी झाल्यापासून साडू पहिल्यांदा दारात काही मागायला आला होता. मालकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, सावकाश, कडेला कडा जुळवून. “विचार करू. वीटभट्टीवाल्याचा पाइप आहे, त्यात तुमचा. आजूबाजूचेही मागतील मग.”

“बरं. डब्यानं नेलं तर चालेल ना?”

“डब्यानं न्या की. नाही कोण म्हणतंय?”

आणि रोपवाला डब्याने पाणी नेऊ लागला. सकाळ-संध्याकाळ, बांध चढून, बांध उतरून, दोन्ही हातांत डबे. मालकांनी ओट्यावरून ते पाहिलं आणि पहिले काही दिवस त्यांना झोप छान लागली. मग गंमत अशी झाली की गळ टाकणारी मंडळी उठून डबे धरू लागली. पोहायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “काय कष्ट करतो हो माणूस.” मामांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, “पाणी गेलं, पण गडी डगमगला नाही.” पाणी तोडल्यानेही साडूचीच उंची वाढली. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, असं म्हणतात; इथे झाकणाऱ्याच्याच अंगणात उजाडेना.

त्या पाण्याच्या फेऱ्यांमुळेच रोपवाल्याला सव्वासहाला भेग दिसली होती.

धरणं तपासणाऱ्या कार्यालयातल्या बाई दहाच्या सुमाराला आल्या. कार्यालयाला फोन मालकांनी केला नव्हता. रोपवाल्याने केला होता, भीत भीत, मालकांना “तुमची हरकत नसेल तर” असं म्हणून. बाई तरुण होत्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट. त्यांनी आधी तळ्याची पातळी पाहिली, मग जादा पाणी वाहून जायचा सांडवा मोकळा आहे ना ते पाहिलं, मग उतारावर टाचेने दाबत दाबत खाली आल्या. पायथ्याशी थांबल्या. मामा, दोघी बहिणी, दोघे साडू मागे उभे होते.

“इथे पूर्वी पाणी यायचं का?”

“यायचं,” रोपवाला म्हणाला. “बारमाही. नितळ. महिना झाला, बंद झालं.”

“आपोआप?”

“आम्हाला वाटलं, झरा आटला.”

“हा झरा नव्हे. हे तळ्याचं पाणी आहे, बांधाच्या पोटातून येणारं. मातीच्या बांधात थोडं झिरपतंच. तळं भरलेलं असताना ते बंद होणं चांगलं नाही. बाहेर यायला वाट नसली की पाणी आतच चढतं, उतार भिजून जड होतो आणि घसरतो. तुमचा तो घसरायला लागलाय.” बाईंनी भेगेकडे बोट दाखवलं, मग खालच्या घराकडे. “ते घर कुणाचं?”

“आमचं,” धाकटी म्हणाली.

“रिकामं करा. आत्ता.”

धाकटी तशीच पळाली. बाई पुढे म्हणाल्या, “मला एकच गोष्ट कळायला हवी. पाणी आपोआप बंद झालं की कुणी केलं? आपोआप झालं असेल तर आत काहीतरी खचलंय, आणि ते मला बाहेरून दिसणार नाही. मग मी धोका पत्करणार नाही. सांडव्याच्या बाजूने बांध कापायचा, आजच तळं रिकामं करायचं. तो परत बांधायला माझी तरी मंजुरी मिळणार नाही. कुणी बंद केलं असेल तर ती जागा उघडायची, पाण्याला वाट द्यायची, पातळी हळूहळू उतरवायची. मग बांध वाचायची आशा आहे.”

सगळे मालकांकडे बघत होते. साहजिकच होतं, बांध त्यांचा.

मालकांनी मनात दोन पारडी धरली. खरं सांगितलं तर बांध कदाचित वाचेल, तळं राहील, पण मग ती धारही परत सुरू होईल. ट्रे पुन्हा हिरवे होतील, लोक म्हणतील हाताला गुण आहे, आणि आपण मात्र जन्मभर ज्याने बांध पाडायला घेतला तो माणूस. गप्प राहिलं तर तळं जाईल. मासे, गळवाले, वीटभट्टीचा पाइप, सगळं जाईल. पण तळं नाही म्हणजे धार नाही, धार नाही म्हणजे रोपवाटिका नाही. दोघेही कोरडे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं मूर्ख असतात, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. नाक कापताना बरं वाटतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

“मला काही कल्पना नाही,” ते म्हणाले.

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि मिटलं.

बाईंनी फोन काढला आणि खोदाईचं यंत्र पाठवायला सांगितलं. मामा तिथेच उतारावर बसले. काठी गवतात आडवी पडली. “माझाच हात चुकला,” ते म्हणाले. “ओघळीच्या तळाशी एक थर मी ओला असतानाच दाबला होता. तेव्हाच मनात आलं होतं. दुसऱ्यांच्या कामात कधी असं केलं नाही, स्वतःच्या केलं.”

“मामा, तुमचा थर चुकलेला नाही.” रोपवाला त्यांच्यापुढे उकिडवा बसला. “चूक माझी. मी पायथ्याशी खड्डा घेतला, कुणाला न विचारता. तुमच्या बांधाला हात लावायचा मला काय अधिकार होता? त्यानंच माती ढिली झाली असेल. बाई, माझं नाव लिहून घ्या. यात साडूभाऊंचा काही दोष नाही.”

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “असू दे रे बाळा. असं तोंडावर सांगायला छाती लागते.”

मुलींच्या कपड्यांचं बोचकं घेऊन परत आलेली धाकटी नवऱ्याकडे बघत होती. तिने बघावं, तिचा नवरा. पण थोरलीही त्याच्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मालकांनी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

पाणी नेलं, मामा नेले, लोकांचं कौतुक नेलं. आता मालकांच्या हातची चूकसुद्धा हा माणूस उचलून घेऊन चालला होता.

“तुमचा काय संबंध?” मालकांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. “खड्ड्यानं काही झालेलं नाही. उगाच मोठेपणा नको. खडी मी काढली. वाळू मी काढली. चिकणमाती मी ठोकून बसवली, धुमस घेऊन, एकट्यानं. तुम्ही प्रदर्शनाला गेला होता तेव्हा.”

खाली रोपवाटिकेत एक पत्रा वाऱ्याने वाजत होता.

“कुठे?” बाई म्हणाल्या. “नेमकी जागा दाखवा.”

मालकांनी दाखवली. बाईंनी यंत्रवाल्याला फोन करून थांबायला सांगितलं. भिजलेल्या उताराखाली यंत्र उभं करायचं नव्हतंच, फावड्यानेच उघडायचं होतं. मग त्यांनी रोपवाल्याला विचारलं, “आधी वाळू आणि वर खडी, असं भरलं होतंत?”

“हो. पाणी गढूळ यायचं म्हणून.”

“बरोबर केलं होतंत. पाणी जाऊ द्यायचं, माती धरून ठेवायची. आम्ही आलो असतो तर हेच सांगितलं असतं.”

“मला काय माहीत होतं,” रोपवाला म्हणाला, आणि खरंच संकोचला. मालकांनी आपल्या तोंडाने दिलेल्या कबुलीतून साडूला सरकारी शाबासकी मिळाली होती.

दोघा साडूंनी फावडी घेतली. बाई बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, हळू, कडेकडेने, एकदम नको. मालकांनी बसवलेला थर इतका घट्ट होता की कुदळ उसळून येत होती.

“काम मात्र पक्कं केलंत हो,” रोपवाला म्हणाला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मालकांना बरं वाटलं असतं.

“मामांचीच रीत,” मालक म्हणाले.

वर बसलेल्या मामांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी मान वळवली नाही.

शेवटचं ढेकूळ सुटलं आणि पाणी आलं. करंगळीएवढं नव्हे, मनगटाएवढं, आणि नितळ नव्हे, चहासारखं तपकिरी. बाईंनी ताबडतोब वाळू ओतायला सांगितली, मग वर खडी, मग आणखी खडी. मग थोरलीकडून एक काचेची बरणी मागवली, ती धारेखाली भरली आणि दगडावर ठेवली.

“गढूळ येतंय म्हणजे पाण्याबरोबर बांधाची माती येतेय. हळूहळू नितळ झालं तर बांध वाचला. नाही झालं तर उद्या यंत्र बोलवायचं. तासातासाला बरणी भरा आणि मागच्या बरणीशेजारी ठेवा. खालच्या घरात कुणी झोपायचं नाही.”

तळ्यातलं पाणी सोडायचं खालचं दार अर्ध्यापर्यंत उघडलं. दुपारभर लोक येत राहिले. गळवाले आले, वीटभट्टीवाला आला, पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या. सगळ्यांनी मिळून रोपांचे ट्रे खालून वर आणले आणि मालकांच्या ओट्यावर मांडले. ओटा भरला तेव्हा बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी, मालकांच्या खुर्चीवर. येणारा प्रत्येक जण विचारत होता, “रोपं वाचली ना?” माशांचं कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी घरात माणसं मावत नव्हती. मामांना मालकांच्या पलंगावर झोपवलं होतं. मालक चहाचा कप घेऊन त्यांच्यापाशी गेले. मामांनी कप घेतला, उशाशी ठेवला, प्यायले नाहीत. थोड्या वेळाने धाकटीच्या लहान मुलीने तोच कप उचलून त्यांच्या हातात दिला तेव्हा प्यायले. स्वयंपाकघरात थोरली बहिणीशी हलक्या आवाजात बोलत होती. मालक दारात आले तशी ती थांबली.

“काय म्हणत होतीस?”

“काही नाही. मीठ कुठंय ते सांगत होते तिला.”

ते बाहेर आले. बांधाच्या पायथ्याशी रोपवाला बॅटरी घेऊन दगडावर बसला होता. शेजारी बरण्या ओळीने मांडलेल्या.

“तुम्ही जा, जेवून घ्या,” मालक म्हणाले. “मी बसतो.”

“बसू की दोघं.”

“बांध माझा आहे.”

“आहेच की,” रोपवाला म्हणाला आणि जागा करून दिली.

मालक बसले. सातची बरणी भरायची वेळ झाली होती. दोघांचा हात एकदम पुढे झाला. बरणी मालकांनी घेतली. भरली, दगडावर ठेवली, गाळ खाली बसेपर्यंत थांबले. रोपवाल्याने तिच्यामागे बॅटरी धरली. तळाशी बोटभर माती बसली होती. सहाच्या बरणीतही तेवढीच होती, पाचच्याही. तळं हातभर उतरलं होतं. भेग वाढली नव्हती, आणि मिटलीही नव्हती.